शिवणीची चौकट, चहाच्या खोक्याच्या फळ्या

जादूच्या पेटीला लाकूड कोणतं घ्यावं यावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी माझ्या लग्नावरून झाली नाहीत. लग्नाबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. पेटीबद्दल मात्र सगळ्यांना विचारलं गेलं. मला, बाबूजींना, फागू वाढईला, आणि गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा, कारण सदूकाकांना म्हशीसमोर उभं राहून मोठ्यानं विचार करायची सवय होती. म्हैस त्यांचं सगळं ऐकून घ्यायची. घरात दुसरं कुणी घेत नसे.

सदूकाका म्हणजे बाबूजींचे धाकटे भाऊ. वय तिशीच्या आसपास, लग्न नाही, मिशी भरपूर. शेतीतलं त्यांचं काम एवढंच, की सकाळी धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, पाहायला जायचं आणि न पाहता परत यायचं. "काऊन गा सदू, धान कसा हाय?" बाबूजी विचारत. "उभा हाय," काका सांगत आणि पानावर बसत. ते गोंदियाला गेले की मात्र दोन-दोन दिवस परतत नसत. तिथे एका तंबूत जादूचे खेळ आले होते. एका माणसाला पेटीत घालून, कुलूप लावून, दोरानं आवळून, समोर पडदा धरला. पडदा काढला तर पेटी रिकामी आणि माणूस तंबूच्या दारात उभा. हे काकांनी पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं, बोलणं वाढलं. त्याआधी त्यांनी मायचा एक रुपया गिळून दाखवला होता. रुपया परत आला, पण मायनं तो हातात घेतला नाही.

आमचं घर गोंदियाजवळ कामठ्याला. मोठं नव्हे, पण आवाजाचं. पहाटे मुसळाचा आवाज, मग म्हशीचा, मग मायचा. दिवाळीच्या सुमाराला त्यात नव्या धानाचे पोहे कुटायची भर पडे आणि सगळ्या घरभर तो ओलसर, गोड, भाजक्या धानाचा वास राही. लाखोळीच्या डाळीचे वडे तळले जात, आणि ते मोजून ठेवायचं काम माझ्याकडे असे, कारण घरात मीच मराठी सातवी पास होते. सातवी पास झाल्याचा त्या घराला झालेला उपयोग म्हणजे हाच. मला नागपूरला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. तिथे मुलींना शिकवून मास्तरीण करतात, राहायला जागा देतात, हे शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं होतं. मी हे घरात मांडलं, तेव्हा माय म्हणाली, "मास्तरीण होऊन कोनाले शिकवशील वो? तुह्या नवऱ्याले?" आणि बाबूजी म्हणाले, "पाहू." बाबूजींचं 'पाहू' म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी असं समजावं की दाराला आतून कडी लागली.

त्यातच चोरखमारा गावची सोयरीक आली. तलावाखालची ओलिताची जमीन, घरात एकच मुलगा. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि दोहोंच्या मधल्या वेळात पोरींची बघाबघी. पाहुणे आमच्या मंडईला यायचे ठरले. त्यांना मी पसंत पडले की उन्हाळ्यात लग्न. मी काकांकडे गेले. ते म्हशीजवळच होते.

"काका, तुमी सांगा ना बाबूजीले नागपूरचं."

"माह्यं कोन ऐकते वो पोरी?" काका म्हणाले. मग त्यांनी मिशी ओढली. "पन मंडईत माह्या पेटीचा खेळ जमला, गावानं टाळ्या वाजवल्या, तं मंग दादाले ऐकाच लागंल. तू पेटीत बस. मी तुह्यं नागपूर सांगतो."

तोवर त्यांनी शेजारचा एक पोरगा पेटीत बसण्यासाठी तयार केला होता. सरावाला त्याला धानाच्या कोठीत बसवलं, तर तो आत झोपून गेला. मी होकार दिला. ही पेटी काकांच्या हातून होणार नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणून त्याच दुपारी मी कामाची वाटणी केली. काकांनी बोलायचं, बाकीचं मी बघायचं.

पहिलं भांडण सागाचं. काकांना सागवान हवं होतं, कारण तंबूतली पेटी सागवानी दिसत होती. मी म्हटलं, ती दिसत होती. असायला कशाला हवी? सागाची पेटी उचलायला चार गडी लागतील आणि ती चोरट्या लाकडाची आहे की काय हे पाहायला जंगलखात्याचा शिपाई पाचवा. मग काकांनी बिज्याच्या फळ्या कुठूनशा आणल्या. बिजा मजबूत असतो, पण ओला झाला की रंग सोडतो. त्या नुसत्या जोडून मी सरावाला आत बसले, घामेजले आणि बाहेर आले तेव्हा पाठीवर तांबडे-पिवळे पट्टे. मायनं ते पाहून किंकाळी मारली आणि काकांना विचारलं, "काय मारलं का पोरीले?" ऐन जड, सलईला भुंगा लागतो, आंबा वाकडा होतो, आणि मोहाला हात लावला असता तर फुलं वेचणाऱ्या बायांनी आम्हाला गावात राहू दिलं नसतं. शेवटी उरली शिवण. शिवण हलकी, वाळली की जागची हलत नाही, हत्याराला मऊ. बाबूजींनी बैलांच्या नव्या जुवासाठी शिवणीचा एक वासा गोठ्याच्या माळ्यावर वाळत टाकला होता. काकांनी तो न विचारता खाली घेतला. विचारलं असतं तर 'पाहू' झालं असतं.

फागू वाढई आमच्या गावचा सुतार. कापणीआधी त्याच्याकडे बैलबंड्यांच्या चाकांची रांग लागलेली, आणि त्यात आम्ही. त्यानं वासा चिरून रिपा काढून दिल्या, तेही काका समोर बसून जादूबद्दल बोलणं थांबवत नव्हते म्हणून. "हे घ्या अन् जा," तो म्हणाला. "पेटी करा, पालखी करा, मले काही सांगू नका."

चौकट झाली. आता तिला अंग हवं होतं, आणि ते असं, की दिसायला भक्कम पण मला आत बसल्या जागेवरून एका हातानं हलवता येईल. शिवणीची फळी पातळ केली की उन्हात चिरते. इथे मला गोंदियाच्या दुकानातली चहाची खोकी आठवली. चहा रेल्वेनं यायचा तो पातळ पण चिवट खोक्यांतून, कडांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. बंडी जुंपून आम्ही दोघं गेलो. शेटजी गादीवर बसले होते.

"बिटिया, इसमें क्या भरोगी?"

"आदमी," काका म्हणाले.

शेटजींनी हिशेब थांबवला. "ज़िंदा?"

"ज़िंदा."

"तो ले जाओ," शेटजी म्हणाले. "मुर्दे का होता तो बात अलग थी."

जगात दुसरी मोठी लढाई चालू होती. बाजारात खिळा मिळत नव्हता. म्हणून खोक्यांबरोबर त्यांचे खिळेही आमचेच झाले. मी एकेक उपटून दगडावर ठोकून सरळ केले आणि लांबीप्रमाणे करवंट्यांत लावून ठेवले. आमच्या घरात त्यानंतर कित्येक दिवस चहाचा वास भरून होता. चहा फक्त पाहुण्यांसाठी व्हायचा, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आत येऊन बसायचा आणि वाट पाहायचा.

खोक्याच्या त्या फळ्यांना प्लायवुड म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा आम्ही नुसतं 'तीनपरती' म्हणायचो, कारण एक फळी पाण्यात भिजवून मी उकलून पाहिली होती. तीन पातळ परती, मधलीच्या रेषा आडव्या, बाहेरच्या दोन्हींच्या उभ्या. म्हणूनच ती चिरत नव्हती. फागू वाढईनं ती दोन बोटांनी वाकवून पाहिली आणि परत दिली. "हे लाकूड नोहे, पापड हाय," तो म्हणाला. तरी बारीक दातांची करवत दिली.

पापड कापणं सोपं नाही. काकांनी पहिली फळी गुडघ्याखाली दाबली आणि सपासप करवत चालवली. वरून रेघ सरळ, आणि उलटून पाहावं तर खालची परत सगळी भुस्कटलेली, मोठमोठ्या चिपा निघालेल्या. दुसऱ्या फळीचं तेच. मी काकांना उठवलं आणि त्यांना म्हशीकडे पाठवलं. तिसऱ्या फळीला मी आधी रेघ आखली, ती दोन्ही अंगांनी वस्तऱ्यानं कापली, म्हणजे बाहेरच्या दोन्ही परती आधीच तुटलेल्या राहाव्यात. मग रेघेवरून जुन्या लुगड्याची पट्टी भाताच्या घट्ट पेजेनं चिकटवली आणि वाळू दिली. फळी पाटावर पूर्ण टेकवली, कुठंही अधांतरी नाही. करवत तिरकी धरली आणि घाई केली नाही. पट्टी ओली करून सोलून काढली तेव्हा कड अशी आली, की मी ती दोनदा गालावरून फिरवून पाहिली. वस्तरा काकांचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली तेव्हा त्यांना तो बोथट का झाला ते कळेना. मी सांगितलं नाही. परवा नातसुनेच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाचं काम चाललं होतं. मशीनवर प्लायवुड कापणारा पोरगा तशाच चिपा काढत होता. मी म्हटलं, बाळा, रेघेवर पट्टी लाव. तो म्हणाला, "आजी, तुम्ही बसा." मी बसले. चिपा अजून आहेत, फडताळ उघडलं की बोटात जातात, आणि त्या काढायला सगळे माझ्याकडे येतात.

पेटीची खुबी मागच्या बाजूला होती. मागच्या फळीचा खालचा अर्धा भाग वेगळा, आणि तो आत उघडणारा. बाहेर उघडून उपयोग नव्हता, कारण बाहेरून दोर असणार. आतून एक खिटी फिरवायची, सुतळीचा फास धरून फळी आत ओढायची, आणि दोरांच्या मधून आडवं सरपटून बाहेर. फळी अडकू नये म्हणून चहूबाजूंनी फट हवी, पण दिसू नये इतकीच. मी तेंदूचं वाळलेलं पान घेऊन ती फट सगळीकडून तपासली. पान जिथे अडलं तिथे घासलं, जिथे सैल गेलं तिथे पेजेनं कागद लावला. मग दिव्याची काजळी जवसाच्या तेलात खलून सगळ्या पेटीला दोन हात दिले. काळी, जड, भीतिदायक दिसणारी पेटी, आणि मी ती एकटी उचलत होते. सरावात मी, काकांचं अर्धं गाणं संपायच्या आत, गोठ्याच्या दारात उभी राहत होते.

ही खुबी मायला सांगायची नाही, असं आम्ही ठरवलं होतं. मायला सांगितलेली गोष्ट विहिरीवर पोहोचायला घागर भरायचासुद्धा वेळ लागत नसे. पुढचं सगळं त्यातून झालं. आता जे सांगते ते मला खेळानंतर समजलं, पण इथेच सांगून टाकलेलं बरं.

मंडईच्या आदल्या दिवशी माय घर सारवत होती. आमच्याकडे धान साठवायच्या बांबूच्या ढोल्यांना शेणमातीनं लिंपतात. एक फट राहिली तरी उंदीर शिरतो आणि वर्षभराचा दाणा खातो. लिंपून लिंपून मायच्या डोळ्यांना जगात फक्त फटी दिसायच्या. तिनं पडवीत पेटी पाहिली. खेळ झाल्यावर ही आपल्याला तांदळासाठी मिळेल, असा तिचा मनातला बेत होताच. तिनं पेटी फिरवून पाहिली आणि मागे तिला फट दिसली. चांगली चौकोनी, सरळ, चहूबाजूंनी. 'पोरीनं एवढं केलं अन् इथं राहून गेलं,' असं तिला वाटलं. तिनं शेण, पांढरी माती आणि बारीक भुसा मळला, काळ्या रंगावर डाग दिसू नये म्हणून त्यात चुलीवरची काजळी घातली, आणि बोटानं दाबून दाबून सगळी फट बुजवली. मग पेटी उन्हात सरकवून ठेवली. माझी माय कोणतंही काम अर्धवट करत नसे. वाळल्यावर तिनं पुन्हा एक हात दिला.

मी सगळं तपासलं होतं ते त्याच्या आदल्या दिवशी. मंडईच्या सकाळी मला न्हाऊ घालून, वेणी घालून, पाहुण्यांसाठी पोहे परतायला बसवलं होतं. पाहुणे संध्याकाळी येणार होते. बेत असा, की दुपारी दंडार चालू असताना मध्येच काकांचा खेळ. कुणी ओळखू नये म्हणून मी पोरगा बनून पेटीत, तिथून गायब, मागच्या भाताच्या तणसाच्या ढिगाआड लुगडं बदलून घरी, आणि पाहुणे यायच्या वेळी चुलीपाशी. मी काकांचं जुनं धोतर नेसले, फेटा बांधला, काजळाची मिशी काढली. पायातले चांदीचे वाळे निघेनात, साबण लावूनही निघेनात. ते धोतरात वर सरकवले.

मैदानात तख्तपोस जोडून मंच केला होता. दंडारीची माणसं घाम पुसत बाजूला बसली. काका पुढे झाले आणि हिंदीत सुरू झाले, "मेहरबान, कदरदान," कारण त्यांच्या मते जादू मराठीत चालत नव्हती.

"सदू, मराठीत बोल बे!" कुणीतरी ओरडलं. "तुह्या बापाले हिंदी येत होती का?"

मी पेटीत शिरताना एकदाच समोर पाहिलं. पुढच्या रांगेत बाबूजी होते. त्यांच्या शेजारी पांढऱ्या टोपीतला एक अनोळखी गृहस्थ, त्याच्या शेजारी एक पोरगा बोरं खात बसलेला. बायांच्या बाजूला मायजवळ एक धिप्पाड, अनोळखी बाई, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. पाहुणे लवकर आले होते. झाकण बंद झालं.

बाहेर कुलूप लागलं, गावच्या चार गड्यांनी दोर आवळले आणि आवळताना मुद्दाम गुडघे लावले. मायच्या दोन लुगड्यांचा पडदा धरला गेल्याचं अंधारातसुद्धा कळलं. काकांचं गाणं सुरू झालं. मी खिटी फिरवली. फिरली. फास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला, तर फास माझ्या हातात आला. मी नखं घालून कड चाचपली आणि मग चहाच्या वासाच्या मागून मला दुसरा वास आला. ओळखीचा, घरचा, सारवणाचा. मला सगळं एका दमात समजलं. 'माय,' मी म्हटलं. देवाला नव्हे, तिलाच.

काकांचं गाणं संपलं. पडदा बाजूला झाला.

"पेटी खाली हाय!" काका गरजले.

मी आतून ठोठावलं.

"खाली हाय तं बोलून कायले राहिली?" मागून आवाज आला. मैदान हसलं. काका पेटीजवळ वाकून कुजबुजले, "काऊन वो गिरजा? निघ ना!"

"फट बुजवली, मायनं," मी आतून म्हटलं.

"कोनची फट?" काकांनी विचारलं. एवढ्या दिवसांत त्यांनी ती पाहिलीच नव्हती.

आत हवा कमी होत होती आणि माझा राग वाढत होता. गावच्या चौघांनी मारलेल्या गाठी कुणाला सुटेनात. काकांनी घाबरून पेटी फिरवली, म्हणजे मागची बाजू लोकांसमोर आली. मला ते दिसत नव्हतं. मी पाठ पुढच्या फळीला टेकवली, दोन्ही पाय जवळ घेतले आणि लाथ मारली. पहिल्या लाथेला लिंपण तडकलं. दुसऱ्या लाथेला तीनपरती फळी मधोमध फुटली आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत मंडईत आला. धोतर मागे राहिलं होतं आणि वाळा घरंगळून घोट्यावर येऊन बसला होता.

"अरे, ही तं पोट्टी हाय!"

मी बाहेर आले. आधी पाय, मग धोतर, मग मी. फेटा आतच राहिला, वेणी सुटली, मिशी गालभर पसरली, अंगावर शेणमाती. मागच्या रांगांतून टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की मी दचकून मागे पाहिलं. मागच्या लोकांना वाटलं, हाच खेळ. आत पोरगा घातला, बाहेर पोरगी काढली. गोंदियाच्या तंबूतसुद्धा असं कुणी दाखवलं नव्हतं. काकांनी मिशीला ताव दिला आणि कमरेत वाकले. पुढच्या रांगेनं मात्र मला ओळखलं होतं. बाबूजी जमिनीकडे पाहत होते. माय शेजारणीला सांगत होती ते मला मंचावर ऐकू आलं, "मले कोनी सांगतलं होतं का तो दरवाजा हाय म्हून? फट दिसली, बुजवली!"

मला वाटलं, चला, निदान सोयरीक तरी तुटली. अशी पोरगी कोण घेणार? घरी आले, तोंड धुतलं, लुगडं नेसले आणि चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा मी मनातल्या मनात नागपूरची ट्रंक भरायलासुद्धा घेतली होती. बाबूजी पाहुण्यांपुढे हात जोडून काहीतरी पुटपुटत होते. त्या धिप्पाड बाईंनी त्यांना थांबवलं.

"माफी कायले मांगता भाऊ? पोरीचा पाय पाहिला म्या. असा पाय धानाच्या रोवनीले पायजे. माह्या घरच्या चिखलात बाकीच्या पोरी उभ्या नाई राहू शकत." आणि नवऱ्याकडे वळून, "आपल्याले पसंत हाय."

नवऱ्यानं मान डोलवली. पोरगा पोहे खात होता. बाबूजींच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आधी पाहिला नव्हता, नंतरही क्वचितच पाहिला.

मी काकांकडे पाहिलं. टाळ्या मिळाल्या होत्या, मंडईभर नाव झालं होतं, दारात पोरांची गर्दी त्यांना पाहायला उभी होती. आता बोलायचं होतं. मी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि तिथून हलले नाही. काकांनी कप उचलला, माझ्याकडे पाहिलं, बाबूजींकडे पाहिलं आणि पोह्यातला शेंगदाणा शोधायला लागले. शोधतच राहिले.

"मंग ठरवून टाकू," बाबूजी म्हणाले.

"मले नाई करायचं लग्न," मी म्हटलं.

घरात मुसळ थांबल्यासारखं झालं. माय आतून धावत आली. बाबूजी म्हणाले, "गिरजा, आत जा."

"जातो. आधी सांगून घेतो. एक म्हनजे मी सातवी पास हाय अन् मले नागपूरले जाऊन मास्तरीण व्हायचं हाय. दुसरं, बाबूजी 'पाहू' म्हनाले होते, पन त्यायनं अजून पाहिलं नाई. तिसरं, रोवनीले पाय मजबूत पायजे तं बैल घ्या, तो लवकर शिकते."

पाहुण्या बाई माझ्याकडे रोखून पाहत होत्या. "पोट्टा नापसंत हाय का?"

"पोट्ट्याचं तोंड कोठं पाहिलं म्या? तो आल्यापासून खाऊनच राहिला."

पोरानं पहिल्यांदा मान वर केली. त्याचे गाल फुगलेले होते. त्याच्या बापाला खोकल्याची उबळ आली. तो खोकला नव्हता हे माझ्या नंतर लक्षात आलं. बाईंनी कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि बाबूजींना म्हणाल्या, "भाऊ, जाऊ द्या इले नागपूरले. माह्या घरात बोलनारी एक हाय, ते मी. दोघी मावनार नाई." मग त्या उठल्या आणि जाताना माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की हातातलं चहाचं ताट वाजलं. पाहुणे बंडीत बसले, आणि मायनं त्यांच्याबरोबर वड्यांची पुरचुंडी दिली, कारण तळलेले होते.

त्यानंतर बाबूजी माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसत, उठत, खळ्यावर जात. मी पान वाढी, ते पानाकडे बघत. माय दोघांच्या मधून ये-जा करताना एकदा माझ्या बाजूनं बोले, एकदा त्यांच्या. कापणी झाली, मळणी सुरू झाली, बैल खळ्यात गोल गोल फिरू लागले. एका सकाळी मी न्याहारी घेऊन खळ्यावर गेले. काका तणसावर पडले होते, बाबूजी बैलांमागे चालत होते. मी गाठोडं सोडलं. बाबूजींनी बैल थांबवले नाहीत. एक फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला ते आमच्या जवळून जाताना, पुढे बैलांकडे बघत, काकांना म्हणाले,

"सदू, नागपूरले थंडी कशी राहते गा?"

काका उठून बसले. सगळी हिंमत गोळा करून म्हणाले, "राहते दादा. घोंगडी लागंल एक."

"दोन," मी म्हटलं.